आमच्या घरची शस्त्रपाहणी

सरकारी कागद दारीं आला म्हणजे चांगल्या शिकलेल्या माणसाचीहि छाती क्षणभर धडधडते. सारे कर भरलेले असोत, मनांत कांहीं काळेंबेरें नसो, तरी पाकीट फोडतांना हात जरा कांपतोच. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या तारापूरच्या घरीं असाच एक कागद आला. परवान्यावरील शस्त्रें, काडतुसें व त्यांची नोंदवही आठ दिवसांनीं पाहणीसाठीं घरीं तयार ठेवावीं, अधिकारी स्वतः येऊन पाहतील, एवढाच त्यांतील मजकूर. परवाना आमच्या वडील बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, नांवचा. परंतु एकत्र कुटुंबांत कागद एकाच्या नांवें आला तरी तो साऱ्या घराला आलेला असतो. दुपारपर्यंत स्वयंपाकघरांतहि दुसरा विषय उरला नाहीं.

ब्राह्मणाच्या घरीं बंदुका कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर आमच्या आजोबांच्या स्वभावांत आहे. त्यांची भातशेती होती, नारळाची वाडी होती, आणि रानडुकरांचा उपद्रव तर पांचवीलाच पुजलेला होता. तेव्हां पिकाच्या रक्षणासाठीं एक ठासणीची बंदूक त्यांनीं परवाना काढून घेतली. पुढें मुंबईहून बर्मिंगहॅमची बनावट असलेली बारा बोअरची एक दुनळी आणली. ह्यानंतर जुन्या हत्यारांचा त्यांना नादच लागला. दारू ठेवण्याचीं शिंगें, शिशाच्या गोळ्या ओतण्याचे सांचे, गज, आणि नळी तडकलेली एक तोड्याची बंदूक, इतका संसार त्यांनीं हौसेनें जमविला. तारापूरच्या मुलाला असा नाद लागणें फारसें नवल नव्हे. आमच्या गांवचा किल्ला पोर्तुगीजांचा. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेंत, १७३९ सालीं, मराठ्यांनीं तो घेतला. त्या झुंजींत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. आजोबा ती हकीकत सांगूं लागले म्हणजे तोड्याची बंदूक हातीं घेत, आणि आम्ही मुलें ती कालच उडाली असावी अशा समजुतीनें तिच्याकडे पाहत असूं.

आजोबांना एक गोष्ट मात्र फार डांचत असे. परवाना मागणें हा ते अपमान समजत. त्यांच्या तरुणपणीं तें खरेंहि होतें. १८७८ सालीं, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत, जो शस्त्रांचा कायदा झाला त्याच्या बंधनांतून युरोपियन माणूस सुटत असे आणि येथला माणूस सांपडत असे. काँग्रेसनें त्याविरुद्ध वारंवार ठराव केले. १९३१ च्या कराची येथील अधिवेशनांत मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यांत नियमांच्या मर्यादेंत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कहि घातलेला होता. परंतु घटना समितींत हरि विष्णु कामथ ह्यांनीं १९४८ च्या डिसेंबरांत तशी सूचना आणली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. घटनेनें नागरिकाला एकत्र जमण्याचा हक्क दिला, तोहि शांततेनें आणि निःशस्त्र जमण्याचा. परक्याच्या राज्यांत शस्त्र नाकारणें निराळें, आणि आपणच आपल्या शेजाऱ्याच्या जीविताची काळजी म्हणून शस्त्राचा हिशेब मागणें निराळें. आजोबांना हें शेवटपर्यंत पटलें नाहीं. आम्हांस मात्र तें पाठ होतें. शाळेंत मुलांना आम्हीं तें तीस वर्षें शिकविलें. पाठ असणें आणि पटणें ह्यांतलें अंतर ह्या पाहणीनें दाखविलें, म्हणून ही हकीकत लिहीत आहों.

आजोबांमागून बंदुका आमच्या वडिलांकडे, नानांकडे, आल्या. नाना १९९६ सालीं वारल्यावर रीतसर अर्ज होऊन परवाना दादांच्या नांवें झाला. येथें वाचकांच्या उपयोगाचें एक सांगतों. परवानाधारक वारल्यावर बंदूक ही घरांतल्या भांड्याकुंड्यांप्रमाणें वारसांच्या हवालीं आपोआप होत नाहीं. ती पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि वारसाला परवाना मिळाला म्हणजे मग परत आणतां येते. आमची फाईल पूर्वीं ठाण्याला असे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा निराळा जिल्हा झाला तेव्हां तीहि पालघरास आली, आणि आतां आम्ही कोळगांवच्या नव्या जिल्हाधिकारी कार्यालयांत जाऊं लागलों. तारापुराहून बोईसर आणि बोईसरहून पालघर, एवढाच काय तो प्रवास.

तोपर्यंत परवान्यावर तीन हत्यारें होतीं: दुनळी, ठासणीची, आणि आमच्या चुलत्यांनीं निशाणबाजीच्या हौसेनें घेतलेली पॉइंट टू-टूची रायफल. २०१९ च्या डिसेंबरांत कायद्याला दुरुस्ती झाली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें झाली, परंतु एका माणसाजवळ तीनांऐवजीं दोनच बंदुका असाव्यात असें ठरलें, आणि जादा बंदूक वर्षाच्या आंत जमा करण्यास सांगितलें गेलें. घरांत मोठा वाद झाला. शेवटीं ठासणीची गेली. नातवंडांपैकीं कोणीहि ती उडालेली पाहिली नव्हती, तरी ती ज्या दिवशीं विक्रेत्याकडे नेली त्या दिवशीं वहिनींनीं तिला हळदकुंकू वाहिलें. तोड्याच्या बंदुकीला मात्र भीति नव्हती. जें जुनाट हत्यार दुरुस्त करूनहि उडूं शकत नाहीं तें १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमानें बंधनाबाहेर ठेविलेलें आहे. तिची नळी तडकलेली, रंजकाचें भोंक गंजानें बुजलेलें. ती ओटीवरच्या भिंतीवर सुखानें लटकत राहिली.

आतां पाहणीची तयारी. पहिले दोन दिवस सफाईंत गेले. समुद्रकाठची खारी हवा लोखंडाची वैरीण. गजाला चिंधी बांधून नळ्या पुसल्या, तेलाचा हात दिला, आणि उजेडाकडे धरून आंतून पाहिल्या. परवान्याचें पुस्तक, संगणकाच्या यादींतला अनुक्रमांक, खरेदीच्या पावत्या, असे सर्व कागद एका पिशवींत घातले. माजघरांतलें लोखंडी कपाट रिकामें करून आंतून पुसलें. ह्या कपाटाची किल्ली आईच्या जुडग्यांत असे. कोठीच्या, फडताळाच्या आणि दागिन्यांच्या पेटीच्या किल्ल्यांबरोबर ती तिच्या कमरेला नेहमीं खुळखुळे. लहानपणीं आम्हांस ह्याचें आश्चर्य वाटे. बंदूक नानांची, मग किल्ली आईची कशी? पण आईच्या जुडग्यांत काय असावें हें विचारण्याची आमच्या घरीं रीत नव्हती. नाना गेल्यावरहि दादांनीं ती मागितली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं काडतुसें मोजण्याचें ठरलें. रायफलीचीं कधींच संपलेलीं होतीं. दुनळीचीं तेवढीं एका पत्र्याच्या डब्यांत, जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेलीं होतीं. नोंदवही हिरव्या पुठ्ठ्याची. तींत पहिलीं पानें आजोबांच्या मोडी वळणाच्या अक्षरांत, मधलीं नानांच्या, आणि पुढचीं दादांच्या. १९७९ पासून प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळीं एकच ओळ: शिल्लक २४. दादा वाचीत होते, आम्ही मोजीत होतों. तेवीस भरलीं. पुन्हां मोजलीं, तेवीस. वहिनींनीं मोजलीं, पुतण्यानें मोजलीं. तेवीसांचीं चोवीस होईनात.

ज्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल त्यानें क्षणभर आमच्या जागीं बसून पाहावें. हरवलेला चमचा आणि हरवलेलें काडतूस ह्यांत फार फरक आहे. तें कोणाच्या हातीं पडलें? केव्हां? परवान्याच्या अटींप्रमाणें शस्त्र किंवा काडतूस हरवल्यास जवळच्या ठाण्याला तत्काळ कळवावें लागतें. आम्हीं कळविलेलें नव्हतें, आणि कधीं हरवलें तेंहि आम्हांस ठाऊक नव्हतें. मग शोध सुरू झाला. माळा झाला, कणगी झाली, जुन्या ट्रंका झाल्या. कपाटाखालची फरशीहि उपसून पाहिली.

शोध लागेना तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, एवढें काय त्यांत? एक ओळ लिहूं. एक काडतूस सरावासाठीं उडविलें, शिल्लक तेवीस. आमच्या कारखान्यांत दर मार्चला अशी घट लिहितातच.” पुतण्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत चांगल्या हुद्द्यावर आहे, मुलगा खोटा नाहीं. आम्हांसहि ती युक्ति पसंत पडली, हें कबूल केलें पाहिजे. ओळ लिहावयाची कोणत्या शाईनें आणि कोणत्या सालाखालीं, इतका विचार आमच्या मनानें करून टाकला होता.

त्याच संध्याकाळीं आम्ही किनाऱ्यावर फिरावयास गेलों. तेथून अणुकेंद्राची वास्तु दिसते. तिच्याकडे पाहतांना आम्हांस आमचाच एक धडा आठवला. भारत आणि अमेरिका ह्यांच्या १९६३ सालच्या कराराप्रमाणें तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या बांधल्या गेल्या, आणि १९६९ सालीं त्यांची वीज मिळूं लागली. त्यांत वापरलेल्या इंधनाचा हिशेब पाहण्यासाठीं व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाचे निरीक्षक येत. ते नुसतीं पुस्तकें वाचीत नसत. वस्तु मोजीत, आणि मोजलेल्या ठिकाणीं मोहरा लावीत. पुस्तकांतला आंकडा आणि प्रत्यक्ष वस्तु ह्यांत अंतर पडलें तर पहिली चूक पुस्तकाची धरावी लागते, असें आम्ही वर्गांत मुलांना ऐटींत सांगत असूं. आणि त्याच गांवांत, त्या केंद्रापासून हांकेच्या अंतरावर, आमच्या सुशिक्षित घरानें चाळीस वर्षांहून अधिक काळ एक आंकडा मागल्या पानावरून पुढल्या पानावर नुसता उतरून काढला होता. दर वेळीं सही होती, तारीख होती. नव्हती ती फक्त मोजणी. घरीं परत आल्यावर आम्हीं दादांना सांगितलें, “ओळ लिहावयाची नाहीं.” दादा म्हणाले, “मींहि तेंच ठरविलें आहे. पण मग लिहावयाचें काय?”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां शोधाला आरंभ झाला. आई माजघरांत वालाच्या शेंगा सोलीत बसली होती. तिचें वय सत्त्याऐंशी. तिला ऐकूं कमी येतें अशा समजुतीनें आम्ही तिच्यासमोर सर्व कांहीं बोलत असतों. तिनें शेंगांचें सूप बाजूला सारलें आणि म्हणाली,

“आतां शोधूं नका. तें घरांत नाहीं.”

आम्ही जागच्या जागीं उभे राहिलों. आईनें जें सांगितलें तें फार थोडक्या शब्दांत सांगितलें.

“अठ्ठ्याहत्तर सालचा श्रावण. तुमचे वडील ज्या गृहस्थांना जामीन राहिले होते, त्यांनीं हात वर केले. वाडी विकून पैसे भरले, तरी चारचौघांत तोंड दाखविणें ह्यांना जड जाई. एका रात्रीं मला जाग आली, तों अंथरूण रिकामें. ओटीवर कंदील बारीक केलेला, आणि हे झोपाळ्यावर. मांडीवर बंदूक. मी कांहीं बोललें नाहीं. शेजारीं जाऊन बसलें. पुष्कळ वेळानें ते उठून मागल्या दारीं गेले, तेव्हां मीं ती उघडली. साफ करतांना ते कशी उघडीत तें पाहिलेलें होतें. आंत एकच होतें. तें ओच्यांत बांधलें, आणि उजाडल्यावर खाडींत टाकून दिलें.”

“नानांनीं विचारलें नाहीं?” दादांनीं विचारलें.

“नाहीं. दुसऱ्या दिवशीं स्नान झाल्यावर कपाटाची किल्ली आणून माझ्यापुढें ठेविली. मीहि विचारलें नाहीं.”

इतकें बोलून तिनें सूप पुन्हां पुढें ओढलें.

आम्ही त्या वेळीं शाळकरी होतों. त्या श्रावणांत नाना अबोल झाले होते एवढें आम्हांस आठवतें. आजारी असावेत अशी आमची समजूत होती. पुढें नाना अठरा वर्षें जगले. मुलींचीं लग्नें केलीं, नातवंडें खेळविलीं, वाचनालयाचा कारभार पाहिला. हिरवी नोंदवही उघडून आम्हीं १९७९ चें पान पुन्हां पाहिलें. ‘शिल्लक २४’ हे शब्द त्यांच्याच हातचे, नेहमींच्या ठसठशीत अक्षरांत. एक काडतूस गेलें आहे हें त्या घरांत आईखेरीज दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल तर त्यांना. त्यांनीं तो आंकडा सवयीनें लिहिला, लाजेनें लिहिला, कीं ती रात्र झालीच नाहीं असें धरून चालण्यासाठीं लिहिला, ह्याचा निवाडा आम्ही करूं इच्छित नाहीं. परंतु त्यांनीं लिहिलेलें खोटें होतें, आणि आम्हीं तें पुढें चालविलें, इतकें स्पष्ट होतें.

आतां खरी अडचण उभी राहिली. अर्ज तर द्यावयाचाच. पण त्यांत किती लिहावें? आमचें मत असें पडलें कीं, ‘हरवलें’ एवढाच शब्द लिहावा. तो अगदींच असत्य नव्हता, आणि त्यामुळें नानांची अब्रू राहणार होती. वहिनींचेंहि मत तसेंच. दादांना तें पटेना. ते म्हणाले, “हरवलेलें काडतूस कोणाला तरी सांपडूं शकतें. ठाण्याला काळजी आहे ती त्याची. तें खाडींत गेलें हें आपल्याला माहीत असून सांगावयाचें नाहीं, तर मग पुतण्याची ओळ काय वाईट होती?” शेवटीं आईला विचारलें. ती म्हणाली, “टाकलें मीं आहे. माझें नांव लिहा. त्यांना आतां कोणी परवाना विचारणार नाहीं.”

अर्ज दादांनीं लिहिला. १९७८ सालीं घरांतील अडचणीच्या प्रसंगीं आमच्या मातोश्रींनीं एक काडतूस बंदुकींतून काढून खाडींत टाकलें. तें त्या वेळीं कळविलें गेलें नाहीं. पुढील सर्व नोंदी न मोजतां केलेल्या आहेत. ह्याबद्दल दिलगीर आहों. चार वाक्यें. पाहणीच्या आधीं दोन दिवस आम्ही दोघे भाऊ तो घेऊन पोलीस ठाण्यांत गेलों. तेथल्या अंमलदारानें अर्ज दोनदां वाचला, आमच्याकडे पाहिलें, आणि शिक्का मारून पोंच दिली. परत येतांना रिक्षांत दादा एक शब्दहि बोलले नाहींत.

पाहणीच्या दिवशीं अधिकारी वेळेवर आले. तरुण गृहस्थ, बोलणें मोजकें. त्यांनीं नळ्यांवरचे आंकडे परवान्याशीं ताडून पाहिले, कपाटाचें कुलूप ओढून पाहिलें, तोड्याच्या बंदुकीची नळी उजेडाकडे धरून पाहिली. मग डबा मागितला आणि स्वतःच्या हातानें काडतुसें पाटावर एकेक मांडलीं. तेवीस. नंतर त्यांनीं विचारलें, “कपाटाची किल्ली कोणाजवळ असते?”

“माझ्याजवळ,” आई म्हणाली.

“परवाना तर ह्यांचा आहे, आजी. किल्ली परवानाधारकाजवळच असावी लागते.”

आईनें तीच हकीकत त्यांना सांगितली. जितक्या थोड्या शब्दांत आम्हांला सांगितली होती त्याहूनहि थोड्या शब्दांत. अधिकाऱ्यांनीं लेखणी खालीं ठेवून ती ऐकली. मग त्यांनीं नोंद केली: शिल्लक २३, प्रत्यक्ष मोजून. काडतुसें फार जुनीं झालीं आहेत, तीं घरांत ठेवूं नका, जमा करा, असें सांगितलें. किल्लीबद्दल दादांना समज दिली, आणि एवढ्या वर्षांच्या नोंदींचा लेखी खुलासा पाठविण्यास सांगितलें. चहा मात्र घेतला. जातांना आईला नमस्कार केला.

खुलासा पाठविला. परवान्याचें काय होईल ह्या काळजींत पुढचे दोन महिने गेले. शेवटीं लेखी ताकीद आली आणि परवाना कायम राहिला. काडतुसें आम्हीं जमा करून टाकलीं. पाहणीच्या दिवशींच संध्याकाळीं आईनें जुडग्यांतून ती किल्ली सोडवली. कडें गंजलेलें होतें, तें उघडण्यास पुतण्याला पकड आणावी लागली. किल्ली तिनें दादांच्या हातावर ठेविली आणि म्हणाली, “हिचें ओझें मला कधीं वाटलें नाहीं. पण तूं जप.”

ज्या वाचकांच्या घरीं वडिलोपार्जित बंदूक असेल त्यांना आमची एवढीच विनंति आहे. तेल घालाल तें बरेंच आहे, कागद नीट लावाल तें त्याहून बरें. परंतु मागल्या पानावरचा आंकडा पुढें उतरूं नका. डबा उघडा, काडतुसें पाटावर मांडा आणि मोजा. कमी भरलीं तर ओळ लिहिण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत वडील माणसाला विचारा. आणि घरांतला एखादा माणूस गप्प झाला असेल, तर किल्ली त्याच्या हातीं राहूं देऊं नका, आणि त्याच्या शेजारीं जाऊन बसा.